जाळीघरात किती जण?

फेब्रुवारी आला की आमच्या अणुवीज केंद्राला माशांचा वास येतो. ईरी तलाव गोठायला लागला की शॅड नावाचा चपटा मासा थंडीनं बधिर होतो आणि केंद्रासाठी पाणी आत ओढणाऱ्या तोंडाशी ढिगानं येऊन अडकतो. तिथं जाळीघर आहे. फिरत्या जाळ्या मासे वर उचलतात, पाण्याचे फवारे ते पन्हळीत झाडतात, आणि पन्हळ तुंबली की फावडं घेऊन कुणीतरी उतरायचं. त्या शुक्रवारी दुपारी माझा नवरा लेलंड उतरला होता. बरोबर ओटिस होता. दोघंच.

माझी जागा नियंत्रण कक्षातल्या फोनपाशी. काही बिघडलं की शिफ्टचा साहेब त्याचा वर्ग ठरवतो. असे चार वर्ग आहेत. सगळ्यात खालचा म्हणजे 'असामान्य घटना', आणि सगळ्यात वरचा म्हणजे गावंच्या गावं रिकामी करायची. ठरवायला पंधरा मिनिटं मिळतात, कळवायला पंधरा. कळवायचं काम माझं. काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, आणि राज्य एकाच लाइनवर येतात. मी मजकूर वाचते, ते दोघं तो जसाच्या तसा मला वाचून दाखवतात, आणि मी एकेकाला म्हणते, "बरोबर." ही सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की लेलंडनं घरी किराण्याची यादी वाचली तरी माझ्या तोंडून तेच निघतं. तो हसतो. "तुला झोपेत मी जगबुडी वाचून दाखवली तरी बरोबर म्हणशील तू."

त्या दिवशी पाणी घेणाऱ्या विहिरीची पातळी उतरायला लागली. आमचा साहेब क्लेटन सूर्यफुलाच्या बिया चघळत टरफलं कागदी पेल्यात थुंकत होता. पेला अर्धा भरला होता आणि वर थुंकीचा तवंग होता. असल्या माणसाच्या हाती एवढं मोठं केंद्र दिलं आहे.

"साहेब, पातळी बघा," मी म्हटलं.

"कुठली पातळी?" त्यानं खुर्ची उलटी फिरवली.

"विहिरीची. धोक्याच्या रेघेखाली गेलीय."

"मी कुठं बघितलीय? मी बघितली की घड्याळ सुरू होतं, रोझलिंड. थोडे मासे निघू देत, पाणी वर येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा तो भिंतीकडे बघत बिया चघळत राहिला. घोषणा झाल्याशिवाय जाळीघरातली माणसं बाहेर काढायची नाहीत, असा त्याचा खाक्या. तिथला कठडा बर्फानं निसरडा झाला होता आणि खाली ती विहीर होती. वर्षामागे एक माणूस तिथून घसरता घसरता वाचला होता, हे त्यालाही ठाऊक होतं.

मग मी एक खोडी काढली. आमच्या कक्षात कुणी नाव घेऊन मोठ्यानं काही सांगितलं, तर ऐकणाऱ्यानं ते पुन्हा म्हणून दाखवायचंच, असा रिवाज आहे. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "क्लेटन, विहिरीची पातळी रेघेखाली आहे."

"विहिरीची पातळी रेघेखाली, समजलं," तो सवयीनं बोलून गेला. मग त्याचा चेहरा उतरला. आता त्याला कळलं होतं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

"फार शहाणी आहेस," तो दात खाऊन म्हणाला. त्यानं सगळ्यात खालचा वर्ग जाहीर केला, आणि वरच्यांना बरं वाटावं म्हणून मजकुरात एक ओळ घातली: जाळीघरात दोन कामगार, दोघंही सुखरूप. "आधी हे कळव. मग बोलव तुझ्या नवऱ्याला."

मी फोन उचलला आणि लगेच तोंडापासून लांब धरला. रिसीव्हरच्या भोकांतून वास येत होता. कुजक्या शॅडचा, आणि त्यात माणसाच्या न घासलेल्या तोंडाचा. आधीच्या शिफ्टमधल्या कुणीतरी काहीतरी खाल्लं असणार, असं मी स्वतःला समजावलं. रुमालानं पुसलं तर रुमाल ओला झाला.

"ब्रँट काउंटी," फ्रिट्शचा आवाज आला. हा म्हातारा वर्षानुवर्षं त्या टेबलापाशी बसतो. "बोला बाई. मासेच ना? आज शुक्रवार, आमचा मासे खायचा वार. इकडे पाठवा, तळून खातो."

राज्याची बाईही लाइनवर आली. मी मजकूर वाचला. फ्रिट्शनं वाचून दाखवला. "बरोबर." राज्यानं वाचून दाखवला. "बरोबर."

आणि मग आणखी कुणीतरी वाचायला लागलं.

आवाज पुरुषाचा होता, पण तोंडात घास भरलेला. शब्दाशब्दाला आत काहीतरी मऊ चावलं जात होतं आणि लाळ आत ओढल्यासारखा आवाज येत होता. मला इतकी शिसारी आली की कधी एकदा संपतंय आणि फोन ठेवतेय असं झालं. तो सगळं नीट वाचत गेला. शेवटी म्हणाला, "जाळीघरात तीन कामगार, तिघंही सुखरूप."

"बरोबर," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर मी काय ऐकलं ते डोक्यात शिरलं. फोन बंद झाला होता.

मी जाळीघराला फोन लावला. "लेलंड, दोघंही लगेच बाहेर या."

"दोघं?" मागे फवाऱ्यांचा आवाज होता. "तिघं आहोत आम्ही, अगं."

"कोण कोण?"

"मी, ओटिस आणि..." तो थांबला. कुणीतरी त्याच्या अगदी जवळ मचमच करत काहीतरी खात होतं. "तिघंच आहोत. सकाळपासून तिघं. हे काय विचारणं झालं?"

"तिसऱ्याचं नाव सांग."

"आलोच," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी क्लेटनला सांगितलं. तो पेल्यात थुंकला. "तीनच आहेत की. तूच तर आत्ता तीन वाचलंस." मी मजकुराचा कागद त्याच्यापुढे धरला. तिथं दोन असं स्वच्छ लिहिलं होतं. त्यानं कागदाकडे बघितलं आणि खुर्ची फिरवली.

आमच्याकडे चूक सुधारायची सोय आहे. पुन्हा सगळ्यांना लाइनवर घ्यायचं, दुरुस्ती वाचायची, त्यांनी ती वाचून दाखवायची, आपण बरोबर म्हणायचं. मी पुन्हा फोन उचलला. आता भोकांतून ओल गळत होती, माझ्या मनगटावरून बाहीत उतरत होती. ती कोमट होती.

"फ्रिट्श, माझं काय लिहून घेतलंत? जाळीघरात किती जण?"

"तीन, बाई. तुम्हीच सांगितलंत."

"लाइनवर तेव्हा कोण कोण होतं?"

"मी आणि राज्य. आणखी कोण असणार?"

मी श्वास रोखून वाचलं, "दुरुस्ती. जाळीघरात तीन नव्हेत, दोन कामगार."

फ्रिट्श काही म्हणायच्या आत तो आवाज आला. सावकाश, चघळत.

"दुरुस्ती. दोन कामगार. कोणता कमी करू?"

या लाइनवर कुणी प्रश्न विचारत नाही. तसा रिवाजच नाही.

मी बोटांवर मोजलं.

लेलंड म्हणजे एक, ओटिस म्हणजे एक. तिसऱ्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. ज्याला नाव नाही, त्याला कमी कर असं सांगणार कसं? आणि चुकून लेलंडवर काट बसली तर?

"बाई," फ्रिट्श म्हणाला, "दुरुस्ती आहे की नाही? मी पेन धरून बसलोय."

पलीकडे चघळणं थांबलं होतं. कुणीतरी ऐकत होतं.

"नाही," मी म्हटलं. "दुरुस्ती नाही. तीन."

"तीन," तो आवाज म्हणाला. "तिघंही सुखरूप."

पुढचा शब्द मी जाणूनबुजून उच्चारला. तोंडात माशाची चव आली.

खिडकीतून जाळीघराचं दार दिसतं. पिवळे रेनकोट घातलेले तिघं बाहेर आले. लेलंड पुढे होता, दोन्ही पायांवर धड चालत. मी बाकी कशाकडेही बघितलं नाही. माझा माणूस वाचला, एवढंच मनात होतं, आणि मी तिथंच टेबलावर डोकं टेकून रडले. जाळ्या मोकळ्या झाल्या, पातळी वर आली, घटना संपल्याचं मी सगळ्यांना कळवलं. त्या वेळी लाइनवर दोघंच होते.

शिफ्ट संपल्यावर मी गाडीपाशी गेले. ओटिस त्याच्या ट्रकमधून निघून गेला होता. लेलंड माझ्या गाडीशी उभा होता, टोपी हातात धरून. मी त्याच्या गळ्यात पडायला पुढे झाले. तो अवघडून मागे सरला.

"माफ करा, मॅडम," तो म्हणाला. "माझी गाडी नाही. वाटेत हायवेवरच्या मोटेलपाशी सोडाल का? तुमच्या मिस्टरांना विचारलंय मी, ते हो म्हणाले."

आणि तो मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसला.

पुढच्या सीटवर आधीच कुणीतरी काहीतरी चघळत बसलं होतं. काच आतून ओलसर झाली होती. त्यानं माझ्या बाजूचं दार आतून उघडून दिलं. त्याच्या जाडजूड बोटात आमच्या लग्नाची अंगठी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं, वर्षानुवर्षं न काढलेल्या अंगठीभोवती येतं तसं.