पल्याडची काहील

"काहील वाजली की ताट सोडायचं, ताई. भावाला तेवढं सांगून ठेवा."

केरबातात्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली होती.

माझी त्रिशला तेव्हा चार महिन्यांची. नदीवरचा वारा तिच्या कानात जाऊ नये म्हणून मी टोपरं घट्ट करत होते. म्हाताऱ्या नावाड्याचं बोलणं कोण मनावर घेतंय?

मी ते भावाला सांगितलंच नाही.

पुढे जे लिहिते आहे त्यातलं काही बनवलेलं नाही. गावाचं नाव फक्त बदललं आहे. भिलवडीच्या पुढे, कृष्णेच्या काठावर. त्याला कोंडवळ म्हणू. तारीख, गेल्या वर्षीची सतरा ऑक्टोबर. वेळ, दिवस मावळायची.

घडलं ते माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत, सम्मेदच्या. त्याने सांगितलं तसं सांगते.

शेवटचं मात्र माझ्याच घरात घडतं आहे...

सम्मेद इंजिनियर. लग्न व्हायचं आहे, म्हणून सांगलीत आमच्याकडेच राहतो. नदीतून पुन्हा प्रवासी वाहतूक सुरू करायची एक योजना आली होती, तिच्यावर तो कामाला लागला. कोंडवळ ते सांगली मोटारबोट, वाटेतल्या गावांना थांबे, शिवाय घाटावरून पलीकडे शेतात जाणाऱ्यांसाठी खेपा. दोन्ही काठांना तरंगते धक्के. पुलावरून नऊ किलोमीटरचा वळसा पडायचा, तो वाचणार होता.

निधी टप्प्याटप्प्याने येणार होता. पहिल्या टप्प्यात धक्के आणि कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये बांधलेली बोट. चाचणी नीट झाली आणि अहवाल स्वच्छ गेला, तरच दुसरा टप्पा.

अहवालावर सही सम्मेदची.

त्याआधी त्या घाटावर केरबातात्यांची लाकडी नाव चालायची. चाळीस वर्षं.

पलीकडच्या काठाला जांभळाखाली एक जुनी काहील पालथी घातलेली होती. गुऱ्हाळात रस आटवायची लोखंडी कढई, दोन-तीन माणसं आत बसतील एवढी. पलीकडे कोणी अडकलं की दगड घ्यायचा आणि तिच्यावर ठोकायचा.

ठण... ठण... ठण...

आवाज पाण्यावरून थेट गावात यायचा. तात्या असतील तिथून उठायचे. भाकरीचा तुकडा हातात असला तरी ठेवायचे. आणि नाव बांधायच्या आधी रोज एक खेप रिकामी न्यायचे. पलीकडे जाऊन तीनदा विचारायचे, "कोण ऱ्हायलंय का?"

कोणी बोललं नाही तरच परत फिरायचं.

नव्या बोटीला वेळापत्रक होतं. शेवटची खेप साडेपाच. तात्यांना धक्क्यावर राखणदाराची नोकरी दिली होती.

"सायेब, येक रिकामी खेप मारत जावा," त्यांनी सम्मेदलाही सांगून बघितलं होतं.

"तात्या, आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत. काहील कोण वाजवतंय?"

"आन पल्याड रेंज तुमी लावून दिली व्हय?"

सम्मेद हसला होता. तात्या हसले नाहीत.

त्या दिवशी चाचणी होती. पाहुणे आले, हार झाले, फोटो झाले. तात्यांची नाव सकाळीच ओढून वाळूवर पालथी टाकली होती, फोटोत नको म्हणून. साडेपाचची खेप झाली. पाहुण्यांना घेऊन सगळी मंडळी वर देवळाकडे चहाला गेली. तात्याही गेले.

घाटावर उरलो आम्ही तिघं. सम्मेद, मी आणि माझ्या मांडीवर त्रिशला. बोटीची किल्ली सम्मेदच्या खिशात.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत. हा सांगलीला पोहोचेपर्यंत अंधार होईल आणि उपाशी झोपेल, म्हणून मीच गाडीतून डबा घेऊन गेले होते. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. पत्र्याच्या शेडखाली ताट मांडलं. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता.

सम्मेदने पहिला घास मोडला.

ठण...

तो थांबला.

"अक्का, काहील."

"पोरं असतील. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. जेव आधी."

ठण... ठण...

तो अर्धवट उठला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. हे मी केलं.

"सूर्य बघ कुठं आलाय. पाच मिनिटांनी जा."

तो जेवला. मान खाली घालून, भराभर.

आणि त्या पाच मिनिटांत... आवाज थांबला.

आम्हाला वाटलं, गेलं असेल कोणी आपल्या वाटेने. डबा आवरून आम्ही गाडीकडे निघालो.

तिचं नाव शिवांजली. चोवीस वर्षांची. नवरा मानसिंग फौजेत, तेव्हा सरहद्दीवर. ती पलीकडच्या मळ्यात वैरणीला गेली होती. अलीकडे घरी सासू, आणि सहा महिन्यांचं अंगावर पिणारं पोरगं, वीरधवल. त्याच्या पाजायच्या वेळेला तिला पोहोचायचं होतं.

बोट येत नाही म्हटल्यावर तिने काहील सुलटी केली, पाण्यात लोटली आणि आत बसली. पूर्वी या भागात लोक काहिलीतून नदी ओलांडायचे, तिने सासऱ्यांकडून ऐकलं असणार. पण ही काहील चाळीस पावसाळे उघड्यावर पडलेली. बूड गंजून गेलं होतं.

ती तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला सापडली. उजव्या मुठीत दगड तसाच होता. दोघांनी मिळून सोडवायला बघितला...

सुटला नाही.

काहील सापडलीच नाही. ती तळाला गेली.

चाचणीच्या अहवालात एक रकाना होता. 'शेवटच्या खेपेनंतर काठावर शिल्लक राहिलेले प्रवासी.'

सम्मेद दोन रात्री त्या कागदापुढे बसून होता. खरं लिहिलं तर दुसरा टप्पा अडकणार, सगळ्या गावांची बोट जाणार, असं त्याने मनाला समजावलं. बाई स्वतःच्या मर्जीने काहिलीत बसली, बोटीचा काय संबंध?

त्याने लिहिलं, निरंक.

निधी मंजूर झाला.

त्यानंतर आठवड्याने सुरू झालं.

बोटीत वीस लाईफ जॅकेट होती. संध्याकाळी कोरडी मोजून ठेवलेली. सकाळी पेटी उघडली की एकोणीस कोरडी... आणि एक ओलं. खालून पाणी ठिबकणारं. त्याने ते जॅकेट बदललं. दुसऱ्या दिवशी नवं ओलं.

मग घरी. सूर्य मावळायच्या आत मी त्याला वाढलं. त्याने घास उचलला आणि हात हवेतच राहिला.

"अक्का, ऐकलंस?"

मला काही ऐकू आलं नाही. घाटापासून आमचं घर तीस किलोमीटर. आणि काहील तर नदीच्या तळाशी.

पण वाटीतली आमटी... थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली.

ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तो उठून गच्चीवर गेला. आवाज बंद. खाली आला तेव्हा सूर्य गेलेला. ताट तसंच.

आधी फक्त संध्याकाळच्या ताटाला व्हायचं. मग दुपारच्या. मग सकाळी चहात बिस्किट बुडवलं तरी. घास तोंडापाशी नेला की ठोका. खाली ठेवला की शांत. मी रागावले, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या झाल्या. आईने गावाहून येऊन तीन दिवस णमोकार मंत्र म्हटला. दोन महिन्यांत त्याचं चौदा किलो वजन गेलं. गालफडं बसली. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली.

"ती मला जेवू देणार नाही, अक्का," तो म्हणाला. "तिचं पोर त्या दिवशी उपाशी राहिलं ना..."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो तात्यांकडे गेला. एकटाच, मोटरसायकलवर.

तात्यांनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं.

"आता आलायसा व्हय?"

"तात्या, काय करू?"

"त्याच दिवशी जायाचं व्हतं. आता लय उशीर झालाय. पर गेलंच पायजे." त्यांनी नाव सुलटी करून ठेवलीच होती, जणू वाट बघत असल्यासारखी. "पल्याड जाऊन हाक मारायची. ती बसली की मागं बघायचं न्हाई. तिला तिच्या दारापातूर न्यायची. मधी सोडायची न्हाई. समजलं न्हवं?"

सूर्य टेकला तेव्हा ते पलीकडे पोहोचले.

जांभळाखाली काहिलीच्या जागी एक गोल होता. आजूबाजूला गुडघाभर गवत. त्या गोलात... एक काडी नाही.

"कोण ऱ्हायलंय का?" सम्मेदने हाक मारली.

वारा पडला.

दुसऱ्यांदा. बगळे उडून गेले.

तिसऱ्यांदा हाक मारली आणि नावेचा मागचा भाग हळूच... पाण्यात दबला.

गाळाचा वास आला. तात्यांनी बांबू टेकला आणि नाव लोटली.

नदीच्या मध्यावर मागून आवाज सुरू झाला. नावेच्या लाकडावर दगड आपटल्याचा.

ठक... ठक... ठक ठक ठक...

"घाई हाय तिला," तात्या पुटपुटले.

नाव लागली. सम्मेद पुढे, त्याच्यामागे तात्या, आणि तात्यांच्या मागे पायऱ्यांवर ओल्या लुगड्याची चपचप. तिचं घर घाटापासून शंभर पावलांवर. सम्मेदला ते अंतर आजही पावलागणिक आठवतं.

ते अंगणात आले.

दाराला कुलूप होतं.

सासू, रंगूबाई, नातवाला घेऊन चार दिवसांपूर्वीच गाव सोडून गेली होती. तात्यांनाही याची खबर नव्हती.

चपचप थांबली. तात्यांच्या नाही, सम्मेदच्या पाठीशी. मग मानेवर गार श्वास.

"लेकरू कुटं हाय माझं?"

सम्मेद म्हणाला, "मला माहीत नाही."

मग तात्या अगदी हळू आवाजात बोलले, "सायेब, घरी जाऊ नगा. तिला मोकळी केल्याबिगार घरी जाऊ नगा. हितंच देवळात बसा. मी रंगूबाईचा तपास काढतो."

पण सम्मेदच्या खिशात एक केळं होतं. त्याने ते भीत भीत सोलून तोंडात घातलं.

ठोका पडला नाही.

दोन महिन्यांनी त्याच्या पोटात एक आख्खं केळं गेलं होतं. त्याला वाटलं, सुटलो. दिवस मावळल्यावर खाल्लं, हेही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने गाडीला किक मारली आणि तो थेट सांगलीला, आमच्या घरी आला.

वाटेत मागचं चाक दबल्यासारखं वाटत होतं, म्हणाला. दोनदा उतरून हवा बघितली. हवा ठीक होती.

दुसऱ्या दिवशी तो पोटभर जेवला. मी समोर बसून रडले. आता सगळं सरळ होईल असं वाटलं.

त्या संध्याकाळी मी त्रिशलाला पाजायला घेतलं. तिने तोंड फिरवलं.

ती रडत नव्हती. भुकेलीही दिसत नव्हती. पोट भरल्यावर बाळं सुस्तावतात ना, तशी. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. मी तर दुपारपासून पाजलं नव्हतं.

पदराने थेंब पुसला. पदराला काहीतरी खरखरीत लागलं.

वाळू होती...

आता रोज असंच होतं. दिवसा थोडं पिते, संध्याकाळी नाही. पाळण्याची दोरी ओली लागते. मी खोलीचं दार लावून तिला उराशी घट्ट धरून बसते. तिने तोंड लावलं की स्वयंपाकघरातून ठोका येतो. आता तो मला ऐकू येतो. सम्मेदला येत नाही.

ऑक्टोबरमध्ये ती सहा किलो होती. काल साडेपाच भरली. डॉक्टर विचारतात, बाळ दूध पितंय ना? काय सांगू? पितंय. पण ते तिच्या अंगी लागत नाही.

सम्मेदने निरंक खोडून तिचं नाव लिहिलं, दुरुस्त अहवाल पाठवला. पोच आली नाही. मी मानसिंगला फोन लावला. सम्मेदची बहीण म्हटल्यावर त्याने ठेवून दिला. पुन्हा लागत नाही. कोंडवळला तीनदा जाऊन आले. रंगूबाईच्या शेजारणीने मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

"पत्ता कशाला पायजे तुमाला?" ती म्हणाली. "तुमच्या भावानं निरंक लिवलंय न्हवं? मग कोण हरवलंय तुमचं?"

तिने दार लावून घेतलं.

परतताना घाटावर तात्या भेटले. एवढंच म्हणाले, "तिला तिचं पोर दावा, ताई. न्हाईतर ती तुमचं सोडायची न्हाई."

कोणी म्हणतं रंगूबाई लोणंदला लेकीकडे आहे. कोणी म्हणतं कोयनानगरला भावाकडे. साठीची बाई, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. कडेवर वीरधवल, आता साधारण दहा महिन्यांचा.

तुम्ही त्या बाजूचे असाल तर जरा बघाल का? दिवस मावळायच्या आत जा. आधी त्याचं पोट भरलंय का ते बघा. मग रंगूबाईंना सांगा, की त्या दिवशी आवाज मी ऐकला होता आणि उठू मी दिलं नव्हतं. हवं ते बोला म्हणावं मला. फक्त पोराला एकदा घाटावर आणा, एकदाच, लांबून दाखवा.

आत्ता सहाला दहा कमी आहेत. त्रिशला पाळण्यात शांत आहे, पाळणा हलतो आहे, आणि मी त्याला हात लावलेला नाही...

कृपा करून आजच बघा.