साक्षीगोळी

गोळ्या खोट्या निघाल्या असत्या, तर डॉ. उत्तरा पेंडुरकरांना बरं वाटलं असतं. पण तपासनिसांनी पुन्हा कळवलं होतं, की गोळ्या अस्सल आहेत, औषध पुरेपूर आहे.

"म्हणजे औषध चांगलं, माणसं शहाण्यासारखी ते वेळच्या वेळी घेतायत, आणि रक्तदाब काही खाली यायला तयार नाही," डॉ. झुबेर मुकादम म्हणाले. "दुखणं हट्टाला पेटलंय की काय?"

रत्नागिरीबाहेर, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या 'औषधसाथ संघा'च्या प्रयोगशाळेत दोघं बसली होती. मुकादम हृदयरोगतज्ज्ञ, उत्तरा ध्वनिशास्त्रज्ञ. या संघात एरवी एकमेकींचं तोंडही न पाहणाऱ्या औषध कंपन्या होत्या, एक फोन कंपनी होती आणि विमावाले होते. ही मंडळी एका मांडवात यायचं कारण एकच. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी निम्मेअधिक लोक घरी गेल्यावर घेतच नाहीत, आणि त्यात रोग्यापासून विमावाल्यापर्यंत सगळ्यांचंच नुकसान होतं.

"पहिल्यापासून सांग," मुकादम म्हणाले. "मी आजच इथे आलोय असं समज. चूक सापडली तर अशीच सापडेल."

उत्तराने समोरची गोळी उचलली. "ही साक्षीगोळी. हिच्या पोटात मोहरीहून लहान अशी धातूची चकती आहे. जठरातल्या आम्लात ती भिजली की क्षणभर वीज तयार होते आणि दंडावरची पट्टी ती टिपते. गोळी मोरीत टाकून 'घेतली हो' म्हणायची सोय संपली."

"पुढे?"

"पण साक्षीदार आहे म्हणून कुणी गोळी घेत नाही. घंटी वाजवली तर लोक घंटी बंद करतात. कुणीतरी 'घ्या' म्हणावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे कुणीही चालत नाही. म्हणून स्वरछाप. जुनी ध्वनिमुद्रणं, फोनवरची बोलणी गोळा करून आपण एखाद्या माणसाचा आवाज आणि बोलायची ढब उभी करतो. रोगी ज्याचं ऐकतो, त्याचा आवाज त्याच्या कानातल्या यंत्रात बोलतो."

"आणि लोक सगळ्यांत जास्त ऐकतात ते..."

"गेलेल्यांचं," उत्तरा म्हणाली.

जिवंतपणी त्यांचं किती ऐकलं होतं, हा भाग वेगळा.

पहिल्या चाचणीत एक गंमत झाली होती. आवाज गोळी घेईपर्यंत आग्रह करत राहायचा. आता आपल्याकडे वाढणाऱ्याला आधी 'नको' म्हणायची रीत. मग आग्रह होतो, मग पानावर हात आडवा धरायचा, मग घ्यायचं. रोगी तासन्‌तास 'नको, नको' म्हणत बसून राहिले, कारण गोळी घेतली की आग्रह संपणार. तेव्हा उत्तरानेच क्रम फिरवला. आधी गोळी, पट्टीने साक्ष दिली की मग थोडा वेळ गप्पा. त्या दिवसापासून गोळी चुकवणारं कुणी उरलं नाही. संघाने पेढे वाटले.

"आणि गोळी बंद झाली की?" मुकादमांनी विचारलं.

"आवाजही बंद. आवाज औषधासोबत येईल आणि औषधासोबतच जाईल. ते कलम माझंच आहे, झुबेर. मेलेल्या माणसांचे आवाज बाजारात विकले जाऊ नयेत म्हणून घातलं. बंद झालेली स्वरछाप त्या रोग्याला पुन्हा मिळत नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाला औषध लागलं, तरच ती उघडते."

चूक काही सापडली नाही. निदान त्या दुपारी दोघांना ती चूक वाटली नाही.

रविवारी उत्तरा गावी गेली. तिचे वडील, आबा, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, संघाच्या रोग्यांपैकीच एक होते. त्यांच्या कानात बोलणारी, तिच्या गेलेल्या आईची स्वरछाप उत्तराने स्वतः बांधली होती. बांधताना तिने फक्त पडद्यावरच्या लहरी पाहिल्या होत्या. आवाज ऐकायचा तिला धीर झाला नव्हता.

आबा पडवीत बसले होते. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि वाट बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अगो, उत्तरा आलीय," ते हवेशी बोलले. "हो. वाळलीय जरा. सांगतो तिला."

उत्तरा दारातच थांबली. पलीकडचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं. तरी आई काय म्हणाली असेल ते तिला शब्दनशब्द कळलं, आणि ती रडली.

जेवताना आबांच्या पानात खारातली कैरी होती. ती संपली, तशी त्यांनी आणखी एक घेतली. वरून तिच्यातलं खारट पाणी भातावर पिळलं.

"आबा! मीठ बंद सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय."

"मग?"

आबांनी घास संपवला. मोजणी खात्यातला माणूस, बोलणंही मोजूनमापून. "मागे मुकादम म्हणाले, दाब छान उतरला, पुढच्या खेपेला गोळी बंद करू. बंद केली की ती जाणार. एकदा पोचवून आलोय मी तिला. परत नाही पोचवायचा."

उत्तराने हातातला घास परत पानात ठेवला.

"गोळी मी चुकवत नाही हो," आबा तिची समजूत काढावी तसे म्हणाले. "तिच्याशी खोटं नाही वागत. ती म्हणते घ्या, मी घेतो. तेवढंच ना तुमचं काम? आणि मी एकटा नाही. तपासणीला बाकावर बसतो तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी सुकट खातो, कुणी पापड. ती नाचणे गावची बाई तर डाळीत चमचाभर मीठ जास्त घालते. तिचा मुलगा बोलतो तिच्याशी."

औषध घेतल्याची साक्ष सगळ्या जगाने काढली होती. बरं व्हायचंय का, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

सोमवारी तिने संघापुढे सगळं मांडलं. औषध थांबलं तरी आवाज राहू द्या, म्हणाली. संघाचं उत्तर वाकडं नव्हतं, म्हणूनच त्यावर इलाज नव्हता. गोळीशिवाय आवाज मिळाला, तर गोळी कोण घेईल? शेवटी ठरलं, की गोळी घेऊनही ज्याचा दाब उतरत नाही, त्याचा आवाज बंद करायचा. पहिलं नाव तिने आबांचं घातलं. मुकादम म्हणाले, "थोडं थांब." ती थांबली नाही. त्या दाबाने आबांच्या मेंदूतली रक्तवाहिनी कधीही फुटली असती, आणि आई गेल्यावर उत्तराला दुसरं कुणी नव्हतं.

ती गावच्या घरी राहायला आली. रोज सकाळी आबांच्या हातावर स्वतः गोळी ठेवू लागली. ते निमूट घेत. कैऱ्यांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही, आता पाहून उपयोग काय? दाब उतरला, गोळी सुटली. मुकादमांनी पाठ थोपटली. घरात मात्र भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणंही मोठं वाटू लागलं. आबा विचारलं तेवढ्याचं उत्तर देत. गोळीची वेळ झाली की ते पडवीत जाऊन बसत, आणि थोड्या वेळाने उठून आत येत.

पावसाळा गेला, थंडी गेली. प्रयोगशाळेतल्या मंडळींची वार्षिक तपासणी आली. मुकादमांनी उत्तराच्या दंडाचा पट्टा सोडला.

"जरा चढलाय. वय झालं आपलं. गोळी नको इतक्यात. मीठ कमी कर, चालत जा. नाहीच उतरला तर बघू."

"सुरू केलीच, तर साक्षीगोळीच असेल ना?" तिने बाहीचं बटण लावत विचारलं.

"दुसरी मिळते कुठे आता? सगळ्याच कंपन्या संघात आल्या." मुकादमांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "उत्तरा, मीठ कमी कर."

दुपारी ती जेवायला घरी आली. "माझा दाब थोडा वाढलाय म्हणाले," ती आबांना म्हणाली. का सांगितलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. "मीठ कमी करायला सांगितलंय."

आबा पानावरून उठले. जेवण अर्धं टाकून उठण्याची त्यांना सवय नव्हती. आतून ते एक बरणी घेऊन आले. तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यावर आईने स्वतः मारलेली गाठ. ती जायच्या आधीच्या उन्हाळ्यातली, कधीच न उघडलेली. आबांनी बोटांनी हळूहळू गाठ सोडवली आणि एक कैरी उत्तराच्या पानात वाढली.

आबांनी जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. ते काम आईचं.

"घे गो. तिच्या हातची आहे."

तिने खाल्ली. मिठाने जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं.

"सुरू झालं तुझं," आबा खाली बघत म्हणाले, "तर शेजारी बसून मला ऐकू येईल का गो? तशी ती जोरात बोलायची."

आबांनी दुसरी कैरी काढली, तिचं पाणी निथळू दिलं आणि हात पुढे केला.

"आणखी एक."

"नको आबा," ती म्हणाली, आणि रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला. बोटं मात्र तिने फाकलेलीच ठेवली.