न कापलेल्या पानांतलं माप

तुम्ही म्हणाल, ही तिखटमीठ लावून सांगतेय. पण यात पदरचं काही नाही.

मी स्वतः तिथे होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवार, दुपारचे साधारण चार. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा दुसरा मजला.

सोमवारी विद्यार्थ्यांची पुस्तकसंग्रहाची स्पर्धा होती. एकच विषय धरून स्वतः जमवलेली पुस्तकं मांडायची. माझ्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे छोटीनं, शिवणकामाची जुनी पुस्तकं जमवली होती. रद्दीवाले, फुटपाथ, बंद पडलेले शिवणक्लास... तीन वर्षं पायाला भिंगरी लावून बावीस पुस्तकं. आई घरी कपडे शिवते, म्हणून हा विषय. मीही बारावीनंतर मशीनवरच बसले.

मांडता मांडता छोटी थांबली.

"ताई, हे तू लिहिलंस?"

तिच्या हातातल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं माप होतं. छाती बत्तीस. कंबर सव्वीस. डावा खांदा... अर्धा इंच खाली.

तिचंच माप. लहानपणी हाड मोडलं तेव्हापासून तिचा डावा खांदा उतरलाय. आईला आणि मलाच ठाऊक.

"शप्पथ, मी नाही."

तिनं दुसरं पुस्तक उघडलं. तेच माप.

तिसरं... तेच.

"परवा यादी केली तेव्हा समास कोरे होते. पुस्तकांची पेटी घरातच होती." तिचा आवाज बदलला. "पुस्तकात कुणी नव्यानं लिहिलं की संग्रह बाद. माहीत होतं तुला. तुला शिकायला मिळालं नाही म्हणून..."

पुढचं ती बोलली नाही. पण लागायचं ते लागलं.

 पंखा बंद होता.

आणि तेव्हा ऐकू आलं...

खर्र... खर्र...

कागदावर पेन्सिल चालावी तसं.

टेबलावरच्या एका पुस्तकातून. मिटलेल्या.

ते छोटीचं सगळ्यात लाडकं. त्याच्या पानांच्या कडा छापखान्यात कापायच्याच राहिल्या होत्या, पानं एकमेकांना जोडलेलीच. आतली पानं आजवर कुणी पाहिलीच नव्हती.

तेवढ्यात ग्रंथपाल आत आले. छोटीनं त्यांच्या खिशातला कागद कापायचा चाकू मागून घेतला.

"अहो, ते तसंच राहू द्या! त्यातच तर त्याची गंमत आहे!"

तिनं ऐकलं नाही. कडा चिरल्या.

आत माप होतं.

पण तिचं नव्हतं.

'मोठी. छाती छत्तीस. कंबर एकतीस. उजवी बाही... पाऊण इंच लांब.'

मोठी म्हणजे मी. घरात आई मला तशीच हाक मारते. आणि माझा उजवा हात जरा लांब, त्यामुळे ती बाही नेहमी तोकडी पडते.

ग्रंथपालांनी पान उजेडाकडे धरलं.

"इथे कुणाचा हात पोचणारच नाही," एवढंच म्हणाले.

छोटीनं माझा हात घट्ट धरला. स्पर्धेतून नाव तिनं तिथेच काढून घेतलं.

घरी येऊन ते पुस्तक आईपुढे उघडं ठेवलं. आम्ही एक शब्द बोललो नाही.

आईनं चष्मा लावला. पान पाहिलं. चष्मा काढला.

"हे माझ्या आईचं अक्षर नाही."

...आम्ही कुठे विचारलं होतं?

आजीही कपडे शिवायची; आमच्या जन्माआधीच गेली. तिचा विषय काढला की आईला एकदम काहीतरी काम आठवतं.

आता आमचे कपडे आई शिवत नाही. बाहेर देते. पण सोबत येते. शिंपी टेप लावतो, आकडा म्हणतो, कानावरची पेन्सिल काढतो...

आणि आई दरवेळी त्याचं मनगट धरते.

"नुसतं लक्षात ठेवा, दादा. लिहू नका."