खाचेचा वॉशर

दुपारचे दोन वाजले होते. चारला समोरची शाळा सुटायची आणि लेकीला व्हॅनमध्ये मुलं भरून उतारावरून खाली जायचं होतं. म्हणून मिस्त्रीणबाई ताट झाकून गाडीखाली शिरली. पुढच्या डाव्या चाकाखालच्या पुठ्ठ्यावर ब्रेक ऑइलचा डाग होता.

"चिमणे, ब्रेक दाब!" तिनं वर सीटवर बसलेल्या लेकीला सांगितलं.

ठक ठक. मग पेडल खाली गेलं. नळीच्या बोल्टापाशी थेंब फुगला.

बाईचे हात थांबले. दाबण्याआधी पेडलवर दोनदा अंगठा आपटायची खोड तिच्या नवऱ्याची. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. याच उतारावर, ब्रेक न लागून.

"ही ठकठक कुणी शिकवली गं तुला?"

लेकीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग हळूच, "आई... मी पाय सीटवर घेऊन बसलेय. पेडल आपोआप गेलं..."

"बरळू नकोस. उतर खाली."

नळीच्या बोल्टाखालचा तांब्याचा वॉशर एकदा दबला की पुन्हा तेल धरत नाही. वापरलेला चुकून पुन्हा लागू नये म्हणून बाई त्यावर कानशीनं खाच पाडायची. तिच्या या शिस्तीचा सगळ्या मिस्त्र्यांना धाक. फक्त एकदाच, नवा मिळेना म्हणून, तिनं खाचेचाच उलटा करून बसवला होता. नवऱ्याच्या गाडीत. ती गाडी भंगारात गेली, आणि ही गोष्ट बाईच्या पोटातच राहिली.

व्हॅनचा हा बोल्ट तिनं आजवर उघडला नव्हता. आज उघडला. तळहातावर वॉशर पडला.

त्याला खाच होती. तिच्याच हातची.

तिनं नवा वॉशर घातला, जुना पदरात घट्ट गाठ मारून बांधला. लेकीला पेडलवर बसवून नळीतली हवा काढली. या वेळी ठकठक नाही. पुठ्ठा बदलला, दहादा स्वतः ब्रेक दाबून पाहिला. तासभर एक थेंब नाही.

"जा. पहिल्या गियरमध्येच उतर."

"आई, घाबरलीस?"

"मी? तुझ्या बापाला नाही घाबरले कधी!"

चारला भरलेली व्हॅन दारावरून गेली. आत मुलांचा कलकलाट. बाईनं सहज पदर चाचपला. गाठ तशीच घट्ट होती, तेलानं ओली. दातांनी सोडली.

आत काही नव्हतं.

"चिमणे! थांब गं...!"

उताराच्या तोंडाशी व्हॅनचे मागचे ब्रेकचे लाल दिवे दोनदा लुकलुकले. मग लागले, आणि लागलेलेच राहिले... व्हॅन मात्र न थांबता खाली दिसेनाशी होत गेली.