अहो, ऐकलंत का?

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामाची आहे, आणि तिचा शेवट माझ्या डोळ्यांदेखत झालाय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

अंधार, वादळ, कुत्र्यांचं रडणं, असलं यात काही नाही. मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

मामा एका दवाखान्यात कान तपासायचा. बाहेरचा आवाज न शिरणारी एक छोटी खोली, मध्ये जाड काच. पेशंट आत हेडफोन लावून बसणार. मामा काचेबाहेरून बारीक बारीक आवाज सोडणार. ऐकू आला की पेशंटनं हातातलं बटण दाबायचं. तीस वर्षं हेच काम. आणि प्रत्येकाला एकच दम, "ऐकू आलं नाही तर बटण दाबायचं नाही. उगाच हो म्हणालात तर नुकसान तुमचंच."

आता हा माणूस स्वतःच कानानं कमी झाला होता.

कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मामीलासुद्धा नाही. समोरचा काही बोलला की मान डोलवायची आणि "हो हो" म्हणून वेळ मारून न्यायची. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरी भीती निराळी होती. मामी रोज सकाळी त्याला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. मध्येमध्ये पदरचे टोमणे घालून. बातमीपेक्षा टोमणेच जास्त. एक दिवस तो आवाजही जाईल, या विचारानं मामा आतून पार खचला होता.

तर त्या मंगळवारी तो जुन्या घड्याळांच्या दुकानात सहज शिरला.

काचेखाली एक सोन्याचं घड्याळ होतं. दोन नाणी एकावर एक ठेवावीत, एवढंच जाड. पांढरी तबकडी. दोनच काटे, सेकंदकाटा नाही. सुटाबरोबर घालायचं, खानदानी घड्याळ. मामानं ते उचललं आणि कानाला लावलं.

टिक... टिक... टिक...

इतकी बारीक टिकटिक, आणि ती आपल्याला ऐकू येतेय! मामाच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुकानदार डोळ्याला भिंग लावून, खाली मान घालून काहीतरी बोलत होता. मामाला शब्द लागले नाहीत.

"हो हो," तो म्हणाला, आणि पैसे देऊन घड्याळ घरी घेऊन आला.

"बंद आहे हे," मामी म्हणाली. "दुपार टळली तरी दहा वाजून दहा मिनिटंच दाखवतंय."

"काटे अडकले असतील. आतलं मशीन चालू आहे. कानाला लावून बघ."

तिनं लावलं. बराच वेळ लावलं.

"ठार बंद आहे, अहो."

"मग तुझेच कान तपासायला हवेत," मामा हसला. मामी मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट नव्हते. मामा स्वतःच त्या खोलीत जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. तिथली शांतता साधी नसते. आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं. त्यानं घड्याळ कानाला लावलं. काचेबाहेर भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

टिक... टिक... आणि त्या टिकटिकीच्या मागे... अगदी जवळ... कुणीतरी श्वास घेतला.

"येतंय का ऐकू?"

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. मायाळू.

मामानं काचेबाहेर पाहिलं. त्याची रोजची खुर्ची रिकामी होती. पण तीस वर्षं ज्यानं दिवसातून पन्नास वेळा हाच प्रश्न विचारलाय, त्याच्या तोंडून उत्तर आपसूक निघून गेलं.

"हो."

त्या संध्याकाळी मामी स्वयंपाकघरात येऊन कावली, "किटली कधीची शिट्ट्या मारतेय, शेजारी बसून तुम्हाला कळत नाही?"

मामाला शिट्टी ऐकूच आली नव्हती.

पुढच्या दिवशी, दहा वाजून दहा मिनिटांनी, पुन्हा तो प्रश्न. पुन्हा हो. दाराची बेल ऐकू येईनाशी झाली. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या चपलांचा आवाज गेला. घड्याळाची टिकटिक मात्र रोज ठळक होत होती... आता ते कपाटात ठेवलं तरी ऐकू यायची.

चौथ्या दिवशी मामानं दातावर दात धरले आणि उत्तर दिलंच नाही. त्या दिवशी काहीही गेलं नाही.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, एकदा हो म्हटलं की एक आवाज जातो. आणि तेव्हाच त्यानं मला बोलावून घेतलं, सगळं सांगितलं. आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकानदार उलट मामावरच चिडला. "अहो, तुम्हाला सांगितलं होतं मी! याचं टिकटिक करणारं चाक मोडलंय, नवं मागवलंय, आठ दिवसांनी न्या. तुम्ही हो हो म्हणालात आणि खिशात घालून चालू पडलात."

त्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं. चाकाची जागा रिकामी होती.

मामा खुर्चीवर बसला. मीच विचारलं, "कुणाचं होतं हे?"

"एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. बायको ठार बहिरी. रोज सकाळी दहाच्या सुमाराला ते याला चावी द्यायचे आणि तिच्या कानाला लावून विचारायचे, येतंय का ऐकू? बाई त्यांच्या ओठांवरून ओळखायच्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून रोज हो म्हणायच्या. ते गेल्यावर बाईच विकायला घेऊन आल्या. मी कागदावर लिहून विचारलं, एवढी आठवण का विकताय?"

"मग?"

दुकानदारानं झाकण लावलं.

"म्हणाल्या, आता ऐकू येतं म्हणून."

मामानं घड्याळ तिथेच ठेवलं. मागे वळून पाहिलं नाही. रस्त्यावर आल्यावर त्यानं कानावर हात ठेवले, काढले, आणि लहान मुलासारखा हसला. टिकटिक थांबली होती.

तो रविवार मी कधी विसरणार नाही. मी मामाकडेच मुक्कामाला होते. उन्हं आत आली होती. मामी आमच्यासमोर बसून पेपर वाचत होती आणि कुठल्याशा पुढाऱ्याचा यथेच्छ उद्धार करत होती. मामा डोळे मिटून ऐकत होता. किती दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला होता.

आणि स्वयंपाकघरातून हाक आली...

"अहो, ऐकलंत का?"

मामीची हाक. तीस वर्षांची, रोजची. नवऱ्याचं नाव न घेता मारलेली.

"हो, आलो!" मामा डोळे न उघडताच म्हणाला.

मामी वाचता वाचता थांबली.

मामानं डोळे उघडले. समोर मामी. तिच्या हातात पेपर. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिथे किती वाजले होते, ते मी सांगायला नको.

"कुणाला हो म्हणालात?" मामीनं विचारलं. मामा तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं. मग तिनं त्याला दंड धरून हलवलं, आणि मामा रडायला लागला.

जरा वेळानं त्यानं मला मोठ्यानं विचारलं, "आतून हाक आली होती. तुला ऐकू आली ना?"

मी पेपरच्या कडेला लिहिलं, नाही.

खोटं लिहिलं. मलाही आली होती. मामीच्याच आवाजात... मामी माझ्यासमोर बसून वाचत असताना.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, वयोमानानं होतं असं. मामी अजूनही रोज सकाळी मामाला पेपर मोठ्यानं वाचून दाखवते. मध्येच मान वर करून विचारते, "ऐकताय ना?" आणि तिला वाईट वाटू नये म्हणून मामा रोज हो म्हणतो.

मी मात्र फोनवरसुद्धा कुणी "ऐकू येतंय का?" विचारलं, तर उत्तर देत नाही. लोक मला शिष्ट म्हणतात. म्हणू देत. हल्ली सकाळी दहा वाजून दहा मिनिटं झाली की मी तोंडावर हात घट्ट दाबून बसते, कारण मागच्या आठवड्यापासून मला कुणीतरी मामाच्या आवाजात हाक मारतंय.