माटोळीतलं जांभळं फूल

दुपारी सगळं घर निजलं होतं. तेवढ्यात पडवीत पत्र्याचा डबा खडखडला आणि तनया ताडकन उठली.

गोकुळदासकाका तणाच्या औषधाचा डबा बाहेर ओढत होते. "चहा झाला की तळीत ओततो. ती जांभळी फुलं मुळासकट जळू देत!"

"आणि मासे? आणि आईचं वायंगण?" तनया ओरडली. पावसाळा सरल्यावरच्या त्या भाताला पाणी तळीचंच. जलपर्णीनं पाटाचं तोंड बुजलं होतं, हे खरं. पण म्हणून शेतात विषाचं पाणी?

"मग उपट तू! आज उपटलंस की उद्या वरच्या ओहोळातून नवं येईल," म्हणत काका चहाला वळले.

तनयानं चुलतभाऊ सुदेशला आणि छोट्या रेश्माला ओढलं. "चला, ओहोळच बघू!"

तिघं ठेचकाळत पार टेकडीपर्यंत गेली. जांभळं फूल सोडा, पानसुद्धा नाही!

"काकांचा ओहोळ अगदी सोवळ्यातला आहे गो!" सुदेश हसला.

तळीत मात्र सगळ्यात दाट गर्दी गणपती पोचवायच्या पायऱ्यांशी. सुदेशनं कमरेएवढ्या पाण्यात उतरून एक गड्डा खेचला. मुळांत केवणीच्या झाडाच्या सालीच्या दोरीची गाठ अडकली होती, गाठीत काळी पडलेली सुपारी!

"ही तर माटोळीची गाठ!" तनया किंचाळली. चवथीला देवावर टांगलेली रानफळं-फुलं शेवटी देवाबरोबर इथंच पाण्यात जातात. "यंदा जांभळं फूल कुणाच्या माटोळीत होतं?"

"आपल्याच!" रेश्मा नाचली. "काकांनी पणजी शहरातल्या बागेतून टपात घालून आणलं नव्हतं?"

यंदा आपलं वेगळं राज्य झालं, आता माटोळीही राज्याला शोभेल अशी, म्हणत काकांनी ते टांगलं होतं. माटोळीच्या स्पर्धेत पहिलं बक्षीसही पटकावलं होतं!

तिघं गाठ घेऊन घरी धावली, तेव्हा काकांची दुसऱ्या चहाची बशी ओठांपाशीच थांबली. गाठ त्यांनी उलटसुलट पाहिली. "दुहेरी पीळ... माझाच."

"म्हणजे वरून काहीच येत नाही, काका! एकदा नीट उपटलं की संपलं!"

काकांनी डब्याचं झाकण गच्च बसवलं, धोतर खोचलं आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरले. मग अख्खा वाडा उतरला. दिवाळीच्या सुट्टीत फटाक्यांची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही! शेवटी पाट खळखळला, तेव्हा आईनं चिखलानं माखलेल्या तिघांना तसंच जवळ घेतलं.

"शेतही राखलं पोरांनी, मासेही!" काका म्हणाले. "पुढच्या माटोळीला काय टांगायचं, ते आता ह्यांना विचारीन!"

उन्हात वाळणाऱ्या ढिगातून रेश्मानं एक सुकलेलं फूल उचललं.

"ताई, इथून तर आपण ह्याला हाकललं. मग ह्याचं घर कुठं गो?"

तनयानं ते फूल जपून रुमालात गुंडाळलं. "शाळा उघडली की बाईंना विचारू!"