किंचाळणाऱ्या गाडीचं कोडं

पुंजाराम आजोबांचं पत्र दसऱ्याला आलं होतं. दिवाळीची सुट्टी निम्मी सरली, तरी त्यांच्या जुन्या मित्रानं, अनंतराव आजोबांनी, त्याचं उत्तर लिहिलं नव्हतं. पुंजारामांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून सिल्लोडहून त्यांची पत्रंच येत. 'एकदा ये. आता आपण दोघंही थकलो,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

"काय लिहू?" आजोबा पुटपुटले. "येतो म्हणावं, आणि ती गाडी वाटेत बंद पडली तर? तो दिवसभर रस्त्याकडं बघत बसेल. नकोच ते!"

"म्हणजे आधी गाडीचं कोडं सोडवायचं!" नातीनं, नीरजानं जाहीर केलं. तिचा भाऊ हिमांशू आणि खालच्या मजल्यावरचा शिवम जिन्याकडं पळालेसुद्धा!

कोडं होतंच तसं. अभयकाकांची जुनी गाडी सकाळी सुरू होताना 'कींऽऽई!' अशी किंचाळायची आणि मग गप्प व्हायची. एसी लावला की पुन्हा तेच! शिवाय समोर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायचा.

"आत मांजर अडकलं असणार," शिवम म्हणाला.

"आणि त्याला एसी सोसत नाही का?" हिमांशूनं विचारलं.

"अबे, मग तूच सांग ना!"

बॅटरी खराब म्हणावी, तर काकांनी ती नुकतीच नवी बसवली होती. तरी दिवा आपला लालच!

इंजिन थंड होतं, किल्ली आजोबांच्या खिशात होती. काकांनी बॉनेट उघडून दिलं आणि ते फोनवर बोलत बाजूला गेले. नीरजानं टॉर्च मारला. पुल्यांवरून फिरणारा काळा रबरी पट्टा काचेसारखा चकाकत होता. त्याच्या आतल्या बाजूला बारीक भेगा होत्या.

शिवमनं वाकून वास घेतला. "अरे, हे तर खोबरेल!"

तिघंही चक्रावले. इंजिनात खोबरेल कुठून आलं?

नीरजा साळसूदपणे काकांजवळ गेली. "काका, आपला झोपाळा हल्ली करकरत नाही. काय केलंत हो?"

"खोबरेल!" काका खुलले. "झोपाळा, कपाट, गाडीचा तो पट्टा... दोन थेंबांत सगळे गप्प!"

"सापडला चोर!" शिवम ओरडला.

सगळे गाडी घेऊन क्रांती चौकाजवळच्या गॅरेजात गेले. हे ऐकून गॅरेजवाल्या निशाताई पोट धरून हसल्या. "लई भारी, काका! पट्ट्यानं पुलीला घट्ट धरायचं असतं. तेलानं तो आणखी घसरतो, म्हणून ओरडतो. एसीनं ओढ वाढली की तर जास्तच! बॅटरी चार्ज करणारं यंत्रही हाच पट्टा फिरवतो; तो घसरला की बॅटरी चार्ज होत नाही. मग नवी बॅटरी काय करणार?"

त्यांनी ताण देणारी पुली सैल करून पट्टा काढला, तेल पुसलं आणि प्रत्येक पुली हातानं फिरवून पाहिली. पण नवा पट्टा बसेचना! आखूडच पडत होता. नंबर तर तोच! निशाताईही गोंधळल्या.

"थांबा! मी आधी फोटो काढलाय," हिमांशू म्हणाला. "हे बघा, या छोट्या पुलीच्या खालून जातोय. तुम्ही वरून नेलात."

"व्हय की!" निशाताईंनी कपाळावर हात मारला. "आता इंजिनाचा ताल राखणारा आतला पट्टा, टायमिंग बेल्ट. तो कधी बदलला होता?"

"कशाला बदलायचा? गाडी उभीच तर असते!" काका म्हणाले.

"किलोमीटर नाहीतर वर्षं, गाडीच्या पुस्तकात दिलेलं जे आधी भरेल, तेव्हा बदलायचा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, काका. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच जाईल."

कोपऱ्यात उभे असलेले आजोबा दचकले. "उभ्या उभ्याही?" त्यांनी हळूच विचारलं, आणि घरी येऊन थेट कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्टे नवे झाले. गाडी सुरू झाली. किंचाळी नाही! एसी लावला, तरी नाही! लाल दिवाही गेला!

"शाब्बास, गुप्तहेरांनो!" काका स्वतःचे कान पकडत म्हणाले. "तुम्ही नसता, तर मी अख्खी बाटली ओतली असती."

गाडी टपालपेटीपाशी थांबली. "पुढच्या रविवारी येतो, असं लिहिलंय," आजोबा म्हणाले. "नातवंडं आणि शिवमही येतील, असंही." पाकीट पेटीच्या तोंडाशी नेऊन ते थबकले. "अक्षर लागेल ना रे त्याला माझं?"

"आजोबाऽऽ!" तिघं एकदम ओरडले.

टप्! पत्र आत पडलं.